आमदारांना भेटायचं ठरलंय, पण जाताना काय न्यायचं?

पऱ्याकाठची | ११ जून २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमची वाडी कोकणात, मूळ गावापासून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. सदतीस उंबरे. पऱ्यावर जुना साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल होता, चिऱ्याचे खांब आणि वर लोखंडी पट्ट्या. गेल्या जुलैत वरून वाहून आलेलं झाड त्याला आडवं लागलं आणि मधला गाळा गेला. तेव्हापासून पोफळीचे चार सोट बांधून आम्ही ये-जा करतो. पावसात ते सोट बुळबुळीत होतात. साकवावरून शाळा पाऊण किलोमीटर, वळसा घालून गेलं तर साडेचार. शनिवारी शाळा उघडतेय आणि माझी धाकटी तिसरीत गेलीय.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. विचारलं की "वर पाठवलाय" एवढंच उत्तर मिळतं. परवा वाडीची बैठक झाली. आमदारांना भेटायचं ठरलं आणि मी शिकलेली म्हणून माझ्यावर सोपवलं. मी आजवर कुठल्याच लोकप्रतिनिधीकडे गेलेली नाही. आमदारांकडे जावं, खासदारांकडे की आणखी कुणाकडे? सोबत काय न्यावं? आणि "बघतो" म्हणून परत पाठवलं जाऊ नये यासाठी कसं बोलावं?

माणदेशी | ११ जून २०२४

ताई, मी दहा वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. आमच्याकडे पाणी नाही आणि तुमच्याकडे पाण्यामुळे वाट बंद, पण कागद दोन्हीकडे सारखेच चालतात.

पहिला प्रश्न कुणाकडे जायचं हा नाही. पहिला प्रश्न, ती वाट कुणाची? ग्रामसेवकाकडे जा आणि नमुना २३ बघायला मागा. ती ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही. तुमची वाट "तेवीस नंबरला" लागलेली असेल तर ती सरकारदरबारी रस्ता आहे. नसेल तर कागदावर तिथं नुसतं कुणाचं तरी शेत आहे, आणि शेतात सरकार पूल बांधत नाही. गावातली निम्मी कामं इथंच अडकतात आणि लोक मात्र आमदाराला दोष देत बसतात.

वाट ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामचं. एरवी मी म्हटलं असतं की आधी जिल्हा परिषद सदस्याला गाठा, तो सगळ्यात जवळचा. पण बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहे. म्हणून आमदार हेच बरोबर दार. खासदारांच्या निधीतूनही असं काम होऊ शकतं, पण त्यांच्या मतदारसंघात साधारण सहा विधानसभा मतदारसंघ येतात. तिथं साकवाचा नंबर लागायला वेळ जातो.

आणि तो गेल्या वर्षीचा अर्ज. "वर" म्हणजे कुठे? कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने? ते लिहून आणा.

टपालवाला | १२ जून २०२४

मी सहा वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात टपाल सांभाळत होतो. कोण, कुठले ते सांगत नाही, पण टेबलाच्या पलीकडून हे काम कसं दिसतं ते सांगतो.

सकाळी नऊपासून माणसं येतात. सोमवारी जास्त. आमच्याकडे एक लांब वही असायची. नाव, गाव, फोन, काम, कुणाला पत्र दिलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोरा राहायचा, कारण माणूस पत्र घेऊन गेला की परत यायचाच नाही. आम्हाला वाटायचं काम झालं. त्याला वाटायचं साहेबांनी काही केलं नाही. पत्र मात्र कुठल्यातरी कार्यालयाच्या आवक टेबलावर पडून असायचं.

येणाऱ्या कागदांत दोन प्रकार असत. एक, "आमच्या गावात रस्ते, पाणी, लाइट, स्मशानशेड यांची सोय करावी" असं पाच कामं एकत्र लिहिलेलं निवेदन. त्यावर पत्र लिहायचं कुणाला? रस्त्याचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, विजेचं महावितरण. असं निवेदन फाइलला लागायचं आणि तिथंच राहायचं. दुसरा, एका कामाचं, एका पानाचं निवेदन, मागे जोडपत्रं. ते हातात आलं की मी अर्ध्या तासात पत्र टाइप करून सहीला ठेवायचो. विषय आणि संदर्भ त्यातूनच उचलायचो. म्हणजे आमदारांचं पत्र खरं तर अर्जदारानेच लिहिलेलं असतं. ताई, हे लक्षात ठेवा.

तुमचं निवेदन साधारण असं हवं. विषय: अमुक वाडी ते जिल्हा परिषद शाळा या वाटेवरील पऱ्यावर नवीन साकव बांधणेबाबत. संदर्भ: ग्रामसभेचा ठराव क्रमांक आणि तारीख, ग्रामपंचायतीने बांधकाम उपविभागाला पाठवलेल्या पत्राची तारीख आणि तिथला आवक क्रमांक. मग तीन परिच्छेद पुरे. साकव कधी आणि कसा तुटला. आज किती माणसं, किती शाळकरी मुलं, किती अंतराचा वळसा. आणि शेवटी नेमकी मागणी: "उपअभियंत्यांनी स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व काम जिल्हा वार्षिक योजनेच्या साकव कार्यक्रमात प्रस्तावित करावे, यासाठी आपण शिफारस करावी." दोन फोटो, एक कोरड्यातला, एक पाण्याचा. तीन प्रती. एक त्यांना, एक कार्यालयाला, एकीवर पोच घेऊन ती तुमच्याजवळ.

वेळेचंही सांगतो. सध्या कोकण पदवीधरची आचारसंहिता चालू आहे, २६ जूनला मतदान. २७ जूनपासून १२ जुलैपर्यंत पावसाळी अधिवेशन, म्हणजे आमदार मुंबईत. त्यानंतरच्या शनिवारी जा. तोवर माणदेशी म्हणतात ते कागद गोळा करा. सगळ्यांत महत्त्वाचं, ऑक्टोबरच्या आसपास विधानसभेची आचारसंहिता लागेल. मग नवीन काम मंजूर होत नाही. तुमच्या हातात जुलैचा उत्तरार्ध, ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढंच आहे.

सरळमार्गी | १२ जून २०२४

सगळ्यांचा अनुभव मान्य करून एक विचारतो. पाऊण किलोमीटरवरच्या शाळेत सुखरूप जाता यावं यासाठी एखाद्या आईने कुणाच्या कार्यालयात बाकावर का बसावं? आपण कर भरतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. माहितीचा अधिकार आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी तालुक्याला. कायद्याने एवढी दारं दिलेली असताना आपण चिठ्ठी मागायला जातो आणि मग तेच अंगवळणी पडतं. माझ्या वडिलांनी साध्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नगरसेवकाच्या घराच्या पायऱ्या झिजवलेल्या मी पाहिल्यात. मला ते अजून सहन होत नाही.

टपालवाला | १३ जून २०२४

सरळमार्गी, तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. उत्पन्नाचा दाखला ही लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा. त्याला दिवस ठरलेले आहेत. उशीर झाला तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अशा कामासाठी आलेल्या माणसाला मी स्वतः अपिलाचा अर्ज भरून द्यायचो. पत्र देणं सोपं होतं, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा आमच्याच दारात उभा राहिला असता.

साकव मात्र वेगळा. साकव ही अधिसूचित सेवा नाही. लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावी लागते, वाडीचा साकव त्यात बसत नाही. तालुक्यात असे कितीतरी साकव मोडलेले असतील आणि पैसे त्यातल्या थोड्यांनाच पुरतील. कुठला आधी, हे कुणीतरी ठरवणार. त्यासाठीच तर आपण माणूस निवडून दिलाय. जिथं तुमचा हक्क ठरलेला आहे तिथं कायद्याने भांडा. जिथं निवड करायची असते तिथं प्रतिनिधीला गाठा आणि आपलं काम का आधी व्हावं ते पटवून द्या. यात मिंधेपणा नाही.

सरळमार्गी | १३ जून २०२४

हा फरक मी केला नव्हता. पटलं. तरी माहितीच्या अधिकाराचं मी सोडत नाही. ताई, तुमचा गेल्या वर्षीचा अर्ज कुठवर पोचला हे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जाला लावून विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल राहता कामा नये, हेही माहीत असू द्या.

पऱ्याकाठची | २४ जून २०२४

ग्रामपंचायतीत जाऊन आले. वाट तेवीस नंबरला नाही. आजोबांच्या काळापासून आम्ही तिथून चालतो आणि ती कागदावर नाहीच. गेल्या वर्षीचा अर्जही कुठे गेलेला नाही, तो तिथल्याच फायलीत होता. माहिती अधिकाराचा अर्ज लागलाच नाही, ग्रामसेविकाबाईंनी स्वतः फाइल उघडून दाखवली. त्या नवीन आहेत.

आणखी एक. साकवाचं आमच्या बाजूचं टोक खासगी जमिनीत येतं. सातबाऱ्यावर अकरा नावं. दोन गावात, बाकी मुंबई, ठाणे, एक बडोद्याला. मला रडू आलं.

माणदेशी | २४ जून २०२४

रडू नका ताई. उलट आत्ता कळलं ते फार चांगलं झालं. हेच काम मंजूर झाल्यावर कळलं असतं तर निधी परत गेला असता.

आता क्रम असा. वाट नोंदवहीत घेण्याचा आणि साकवाच्या मागणीचा असे दोन ठराव ग्रामसभेत करून घ्या. १५ ऑगस्टची वाट बघू नका, सरपंचांना विशेष ग्रामसभा लावायला सांगा. वाडीतल्या बायका झाडून जाऊ द्या, इतिवृत्तात सह्या दिसल्या पाहिजेत. अकरा संमतीपत्रं मात्र टपालाने मागवू नका. तुमच्याकडे गणपतीला सगळे येतात ना?

कृष्णाकाठ | ३० जून २०२४

मध्येच विचारते, माफ करा. वडील चार दिवस आयसीयूत आहेत. नातेवाईक म्हणतात आमदारांचं पत्र आणल्याशिवाय सरकारी मदत मिळत नाही. मी गाव सोडून कुठं जाऊ?

शुश्रूषा | ३० जून २०२४

कुठंही जाऊ नका, रुग्णालयातच थांबा. मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे, हे रोजचं काम आहे माझं.

तळमजल्यावर "आरोग्यमित्र" असा टेबल शोधा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथं शिधापत्रिका आणि आधार द्या. उद्या १ जुलैपासून ही योजना सगळ्या शिधापत्रिकांना लागू होतेय, वर्षाला पाच लाखांपर्यंत. कुणाचं पत्र लागत नाही.

योजनेत नसेल तर विचारा, हे धर्मादाय रुग्णालय आहे का? असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत), डॉक्टरांनी सही केलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, शिधापत्रिका. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून डिस्चार्जच्या आधी अर्ज गेला पाहिजे. इथंही शिफारसपत्र सक्तीचं नाही आणि अर्जाला एक रुपयाही लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका.

प्रतिनिधीला फोन कधी करायचा? धर्मादाय खाट रिकामी असून नाकारली तर. तेव्हा मात्र लगेच, रात्री अकरा वाजता सुद्धा. बऱ्याच आमदारांकडे फक्त दवाखान्याची कामं बघणारा एक माणूस असतो, त्याचा नंबर मागा. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, कोणी काय सांगून नाकारलं, एवढं एका दमात सांगा. वडिलांचं आजारपण पहिल्यापासून सांगत बसू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तिथं बोलू.

कृष्णाकाठ | २ जुलै २०२४

आरोग्यमित्र भेटले. योजनेत बसलं. शुश्रूषाताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

चाळ नंबर चार | ४ जुलै २०२४

शहरातल्यांसाठी थोडं. नगरसेवक नसला तरी प्रभाग कार्यालय असतं, लेखी तक्रार तिथंच द्यायची आणि क्रमांक घ्यायचा. आधारला पत्त्याचा पुरावा नसेल तर खासदार, आमदार, नगरसेवक यांचं प्रमाणपत्र चालतं, पण ते आधारच्याच ठरलेल्या नमुन्यात हवं आणि तीन महिन्यांच्या आत वापरायला हवं. लेटरहेडवर "मी यांना ओळखतो" लिहून आणाल तर परत पाठवतील. आणि केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा दहा जागांचा कोटा २०२२ मध्येच बंद झालाय. आमच्या चाळीतून यंदाही दोन पालक त्यासाठी हेलपाटे घालून आले.

एडिसनकर | ६ जुलै २०२४

न्यू जर्सीहून. आमच्या इथलं सांगतो, कारण परदेशातल्या बऱ्याच मराठी लोकांना वाटतं की आपण नागरिक नाही म्हणून आपल्याला कुणी विचारणार नाही.

बायकोच्या कागदपत्रांचा अर्ज एका केंद्रीय खात्यात अकरा महिने पडून होता. शेवटी आमच्या भागाच्या काँग्रेस (इथली संसद) सदस्याच्या कार्यालयाला लिहिलं. मतदार नसलो तरी त्या भागात राहतो एवढं पुरतं. त्यांनी पहिल्यांदा एक फॉर्म पाठवला. १९७४ च्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे आमच्या सहीशिवाय खातं त्यांना आमच्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. दुसरा प्रश्न, खात्याने स्वतः सांगितलेली मुदत उलटली आहे का? उलटलेली नसेल तर ते हात लावत नाहीत. तिसरा, दुसऱ्या कुणाकडे गेलात का? सिनेटर आणि प्रतिनिधी दोघांकडून एकाच वेळी विचारणा गेली की घोळ होतो. केंद्राचं काम असेल तरच त्यांच्याकडे जायचं, राज्याच्या कामासाठी राज्याच्या विधिमंडळातला प्रतिनिधी.

ते खात्याला हुकूम देत नाहीत. विचारतात, आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं. आमच्या बाबतीत एक कागद चुकीच्या शाखेत गेला होता, तो सापडला. भारतीय पासपोर्टवर असलेल्यांनी दूतावासाशी संबंधित तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" पोर्टल आधी वापरावं.

पऱ्याकाठची | २२ जुलै २०२४

शनिवारी जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच गेले.

आम्ही पाचजणी आणि वाडीचे गावकर. सकाळी साडेआठला पोचलो, अकराव्या नंबरवर नाव. पुढे लग्नपत्रिका द्यायला आलेले दोघे, एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कामासाठी, बदली मागणारे एक शिक्षक. त्यांना पीएंनी दारातच नम्रपणे सांगितलं की बदलीची शिफारस आणली तर ती तुमच्याच अंगावर येईल, नियमात बसत नाही. पीएंकडे तीच लांब वही होती, टपालवाला म्हणाले तशी.

आमदारांनी निवेदन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, वाट तेवीस नंबरला आहे का?" माझ्या छातीतली धडधड तिथंच थांबली. ठराव क्रमांक सांगितला, नक्कल दाखवली. दुसरा प्रश्न, "जागा कुणाची?" मी सातबारा काढला. अकरापैकी तीन संमतीपत्रं झालीत, बाकीची गणपतीत होतील असं सांगितलं. ते म्हणाले, "माझा यंदाचा निधी वाटून झालाय. पंचवीस-पंधरा, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या निधीतून मागतो म्हटलं तर ती यादी मंत्रालयातून येते, कधी येईल सांगत नाही. साकव कार्यक्रमात घालू. पण अंदाजपत्रक आधी पाहिजे." तिथूनच उपअभियंत्यांना फोन लावला. पत्र टाइप व्हायला वीस मिनिटं. जावक क्रमांक मी मागून घेतला.

पत्र टपालाने जाऊ न देता मी स्वतः सोमवारी, म्हणजे आज, उपविभागात नेऊन दिलं. पोच घेतली. निघताना त्या शाखा अभियंत्यांचा नंबरही घेतला.

टपालवाला | २२ जुलै २०२४

इतकं नीट काम घेऊन आलेली माणसं आमच्याकडे वर्षातून दहा यायची नाहीत. आता दर पंधरा दिवसांनी पीएंना एक ओळीचा निरोप पाठवत राहा. तक्रार नको, फक्त काय झालं ते. वहीतला शेवटचा रकाना तुम्ही भरा.

पऱ्याकाठची | १९ सप्टेंबर २०२४

शाखा अभियंता ऑगस्टमध्ये येऊन गेले. टेप लावली, अठरा मीटर. मग विचारलं, "पाणी कुठवर येतं?" तिथं वाडीतल्या ऐंशी वर्षांच्या काकी पुढे झाल्या, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) तिसऱ्या चिऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हितवर. माझ्या लग्नाच्या सालात आणि गेल्या साली." त्यांनी त्या चिऱ्यावर खडूने रेघ मारली आणि उंची वहीत लिहिली. साकव त्याच्या वर येणार.

गणपतीत संमतीपत्रं झाली. सहा सह्या आरतीनंतर घरोघर फिरून घेतल्या. बडोद्याचे काका आले नव्हते, त्यांनी तिकडेच नोटरी करून पाठवलं. शेवटची सही गौरीविसर्जनाच्या दिवशी. ज्यांच्याशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं ते म्हणाले, पोरांच्या वाटेला मी आडवा येणार नाही. अंदाजपत्रक २२ लाखांचं झालंय.

माणदेशी | १९ सप्टेंबर २०२४

त्यांना पेढे द्या माझ्या वतीने.

पऱ्याकाठची | १५ ऑक्टोबर २०२४

आज आचारसंहिता लागली. तांत्रिक मान्यता झालीय, प्रशासकीय मान्यता राहिली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. वाडीतले काहीजण म्हणतात सगळं पाण्यात गेलं, नवीन माणूस आला तर पुन्हा पहिल्यापासून. काहीजण म्हणतात आत्ताच सगळ्या उमेदवारांकडून लिहून घ्या.

टपालवाला | १५ ऑक्टोबर २०२४

पाण्यात काही गेलेलं नाही. ठराव ग्रामसभेचा, अंदाजपत्रक उपविभागाचं, संमतीपत्रं मालकांची. यातलं एकही आमदारांच्या खिशात नाही. उद्या कुणीही निवडून येवो, त्या व्यक्तीला फक्त ताज्या तारखेचं एक पत्र द्यायचंय.

उमेदवारांकडून लिहून घेण्याच्या भानगडीत वाडीला पाडू नका. वाडी कुणा एकाची म्हणून ओळखली गेली की पाच वर्षं ती खूण पुसत नाही. मत ज्याचं त्याने द्यावं. निकालानंतर हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, तेव्हा गर्दी करू नका. जानेवारीत जा. जिल्हा नियोजनाचा पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत कागद तयार असलेल्या कामांना लवकर मान्यता मिळते. कागद तयार नसलेली कामं मागे पडतात, तेव्हा तुमचं पुढे येईल.

सरळमार्गी | १६ ऑक्टोबर २०२४

मताबद्दलच्या या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन.

पऱ्याकाठची | ११ मार्च २०२५

प्रशासकीय मान्यता मिळाली! जानेवारीत पुन्हा गेलो होतो, त्याच पाचजणी. या वेळी बाकावर बसावं लागलं नाही. पीएंनी वही उघडली, आमची ओळ काढली, शेवटच्या रकान्यात आमचेच निरोप तारखेनिशी लिहिलेले होते.

घाटमाथा | १४ मार्च २०२५

अभिनंदन. धागा पहिल्यापासून एका बैठकीत वाचला. आमच्या वाडीचा ओढा, तीच गोष्ट, फक्त आमच्याकडे जमीन वनखात्याची निघतेय. तिथं काय?

माणदेशी | १४ मार्च २०२५

वनजमीन असेल तर मालकाच्या संमतीने भागत नाही, वनखात्याची रीतसर परवानगी लागते. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, गावाच्या सार्वजनिक सुविधांसाठी कलम ३(२) आहे. रस्ता, शाळा, छोटे पाणवठे अशी कामं, एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने. तालुक्याला वनक्षेत्रपालांकडे आधी जा, आमदारांकडे नंतर. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

पऱ्याकाठची | ८ जून २०२५

एप्रिलमध्ये कार्यारंभ आदेश निघाला. ठेकेदाराने दोन्ही काठांचे खांब उभे केले, पण यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि स्लॅब राहिला. अभियंते म्हणाले, वाहत्या पाण्यात सेंटरिंग टिकणार नाही, दिवाळीनंतर टाकू. मला ते पटलं. घाईने टाकलेला स्लॅब नको आम्हाला.

पोफळीचे सोट आम्ही काढून टाकलेत. मुलं यंदाचा पावसाळा वळशाने जातील, सकाळी वाडीतला एकजण रिक्षाने सोडणार आहे, डिझेलचे पैसे वाडी वर्गणीतून देतेय. काल पऱ्याला पहिलं मोठं पाणी आलं. काकींना घेऊन बघायला गेले होते. पाणी गडग्याच्या दुसऱ्या चिऱ्यापर्यंत होतं, नवीन खांबाचा माथा त्याच्या चांगला हातभर वर.

घाटमाथा, संमतीपत्राचा नमुना आणि दोन्ही ठरावांचा मसुदा व्यनि केलाय. इतर कुणाला हवा असेल तर इथं सांगा, पाठवते.